सुपात मावेल एवढं

गोंदियात हस्तकलेच्या छंदावर पुस्तक काढायचं म्हटलं की पहिला प्रश्न समोर येतो तो असा, की इथल्या हातांना आणखी काम कशाला? प्रश्न रास्त आहे. पावसाळ्यात बांधीत वाकून रोवणी, दिवाळीच्या आगेमागे धानाची कापणी, मग मळणी. उन्हाळा लागला की पहाटे उठून मोहफुलं वेचायची, ती संपतात न संपतात तोच तेंदूपत्त्याचा हंगाम. आणि या सगळ्यातून जो वेळ उरेल त्यात बिड्या. या जिल्ह्यातला हात रिकामा असा क्वचितच दिसतो. तेव्हा 'विरंगुळा म्हणून हाताने काहीतरी करा' हा सल्ला देणाऱ्याने आधी आपण हे कोणाला सांगतोय याचा विचार करायला हवा. प्रस्तावनेची सुरुवात म्हणूनच मी बिडीपासून करते आहे. पुस्तकात बिडीचं प्रकरण अर्थातच नाही.

तेंदूच्या सत्तर पानांची जुडी बांधतात, तिला पुडा म्हणतात. संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, पुडे मोजून द्यायचे आणि अशा हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी धरायची. जंगलातून पान निघतं तेव्हापासूनच त्याला आकडा चिकटलेला असतो. पुढे ते पान बिडी वळणाऱ्या बाईकडे येतं. ती ओसरीवर मांडी घालून बसते, मांडीवर सूप. सुपात भिजवून ओलसर ठेवलेली, पत्र्याच्या मापाने कापलेली पानं, जर्दा, दोऱ्याची रीळ, कात्री. पानात जर्द्याची चिमूट, एक वळसा, टोक दुमडणं, दोऱ्याचा फेर. तिचं लक्ष शेजारणीच्या बोलण्याकडे असतं, लेकराकडे असतं, चुलीवरच्या भाताकडे असतं. सुपाकडे ती पाहतसुद्धा नाही. पंचवीस बिड्यांचा कट्टा, चाळीस कट्ट्यांचे हजार, आणि मजुरी हजारावर. त्यातही वळणीत खोट दिसली की माल छाटला जातो. १९६६ साली बिडी कामगारांसाठी वेगळा कायदा झाला, पण कायद्याने मजुरीचं माप बदललं नाही. ते हजारच राहिलं.

आता कौशल्यच बघायचं तर या बाईच्या बोटांपुढे आपली क्रोशाची सुई लाजेल. तरीही तिच्या कामाला कोणी कला म्हणत नाही, आणि तीही म्हणत नाही. माझ्या मते दोघींमधला फरक आकडा कोण ठरवतं एवढाच आहे. तिने किती वळायच्या ते घरखर्च ठरवतो आणि कोणती चालेल ते ठेकेदार ठरवतो. माझा रुमाल केवढा असावा, केव्हा थांबावं आणि वाकडा झाला तर चालेल का, हे मी ठरवते. 'जात्यातले रडतात, सुपातले हसतात' ही म्हण आपण नशिबाबद्दल वापरतो. छंदवाल्यांनी ती कधीतरी स्वतःलाही लावून पाहावी, कारण आपण सगळे सुपातले आहोत.

पण म्हणून छंद ही रिकामटेकड्यांची चैन ठरते का? मला तसं वाटत नाही. अनिल अवचट यांचं उदाहरण मला यासाठी फार महत्त्वाचं वाटतं. निपाणीच्या वखारींतल्या तंबाखू कामगार बायकांवर, हमालांवर, मजुरांवर ज्यांनी तळमळीने लिहिलं, तेच अवचट हातात कागदाचा चौकोन घेऊन तासन्‌तास घड्या घालत बसायचे. लाकडातून शिल्पं कोरायचे, बासरी वाजवायचे, चित्रं काढायचे. छंदांवर त्यांनी 'छंदांविषयी' हे स्वतंत्र पुस्तकच लिहिलं. १९८६ साली त्यांनी आणि सुनंदा अवचट यांनी पुण्यात 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. दिवसभर दुसऱ्यांची दुःखं ऐकणाऱ्या माणसाच्या बोटांत कागद असणं ही काही गंमत नव्हती, असं मला वाटतं. कष्टांची जाण आणि खेळकर हात एकाच माणसात राहू शकतात हे त्यांच्याकडे बघून पटतं. २०२२ मध्ये ते गेले, पण ओरिगामी म्हटलं की मराठी वाचकाला आधी त्यांचीच आठवण येते.

शिवाय छंद ही शहरातून आलेली गोष्ट आहे हेही खरं नाही. आपल्या झाडीपट्टीत ती कधीपासून आहे, फक्त तिला सणाचं नाव आहे. तान्हा पोळा घ्या. श्रावणी अमावस्येला मोठा पोळा: आदल्या दिवशी खांदशेकणी, मग बैलांना झूल, शिंगांना बेगड, कपाळावर मठाटी, गळ्यात घुंगरमाळ, तोरणाखाली झडत्या. दुसऱ्या दिवशी लेकरांचा पोळा. लाकडाचे, खाली चाकं लावलेले बैल दोरीने ओढत मुलं चौकात आणतात आणि मग घरोघरी जाऊन बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागतात. नागपूरच्या दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी १८०६ साली हा लहान मुलांचा पोळा सुरू केला असं सांगितलं जातं. पुण्या-मुंबईच्या वाचकाला हे नवीन वाटेल, पण विदर्भातल्या पोराला दिवाळीइतकीच या दिवसाची वाट असते.

या सणात मला जे दिसतं ते असं. सागाचा चांगला बैल दरसाल कोणी विकत घेत नाही. आजोबांच्या वेळचा बैल माळ्यावरून निघतो. त्याचा एक कान गेलेला असतो, चाक डुगडुगत असतं, गेल्या वर्षीच्या बेगडाचे तुकडे डिंकासकट चिकटलेले असतात. ते खरवडायचे, पांढरा रंग द्यायचा, तो वाळेपर्यंत जुन्या साडीच्या काठाची झूल शिवायची, लोकरीचे गोंडे करायचे, डोळे काढायचे. डोळ्यांवर सगळं अवलंबून असतं. ते चुकले की बैल बकरीसारखा दिसतो आणि वर्षभर तसाच दिसत राहतो. एवढंच काम. पण ते पोळ्याच्या आत व्हायला हवं, कारण नंतर त्याला अर्थ नाही. म्हणजे काम लहान, साहित्य घरातलं, आणि मुदत सणाने घातलेली. हल्ली जिला 'डेडलाइन' म्हणतात ती इथे बोचत नाही, कारण ती सगळ्या गावाला एकच असते.

आणि वेळ कोणती निवडली आहे तेही पाहा. रोवणी उरकलेली असते, धान अजून पोटरीत यायचं असतं. बैलांना विसावा आणि माणसांनाही थोडी उसंत, अशा नेमक्या फटीत हा सण बसवलेला आहे. त्याच्या आधी जन्माष्टमीला कान्होबा येतो. मातीची मूर्ती, तिच्यावर टांगलेला फुलोरा. तोही असाच एका संध्याकाळचा, सगळ्या घराने मिळून करायचा उद्योग. करंज्या तळणारी एक, दोरे ओवणारा दुसरा, मांडव बांधणारा तिसरा. विरंगुळा हा शब्द तेव्हा कोणी वापरत नव्हतं, पण चाललेलं होतं ते तेच.

(कंसात एक तक्रार: अलीकडे तान्ह्या पोळ्याला सजावटीच्या स्पर्धा होतात, बक्षिसं असतात, आणि त्यामुळे बैल आईवडील सजवतात. पोरगं कडेला उभं राहून दोरी धरतं. बक्षीस ठेवावं, पण बैलाचे डोळे पोराने काढलेले असावेत एवढी तरी अट हवी.)

शाळेतल्या हस्तकलेचंही आपण असंच करून ठेवलं. गोंदियापासून फार लांब नाही, वर्ध्याला, २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी शिक्षण परिषद भरली. तिथून गांधीजींची नई तालीम उभी राहिली आणि झाकिर हुसेन समितीने तिचा आराखडा केला. कल्पना अशी की मुलाचं सगळं शिक्षण एका हस्तोद्योगाभोवती गुंफावं: सूतकताई घेतली तर तिच्यातूनच गणित, भूगोल, इतिहास. ही कल्पना थोर होती यात मला शंका नाही. पण तिच्यात एक अपेक्षाही होती, की मुलांच्या हातच्या मालातून शाळेचा खर्च निघावा. तिथे पुन्हा आकडा आला. टकळीवर किती तार निघाले हे मोजणं आलं. पुढे हे सगळं विरत विरत 'कार्यानुभव' नावाच्या तासापर्यंत पोचलं, आणि त्या तासाचं काय होतं हे प्रत्येक घराला ठाऊक आहे. रात्री नऊला पोर सांगतं, उद्या घर करून न्यायचं आहे. मग बाबा स्टेशनरीच्या दुकानाचं शटर अर्धं वर करायला लावून थर्मोकोल आणतात, आई रात्री अकरापर्यंत खिडक्या कापते, पोर झोपलेलं असतं. कार्याचा अनुभव येतो तो पालकांना.

याच्या अगदी उलट टोकाला अरविंद गुप्तांची खेळणी आहेत. आयआयटी कानपूरचा हा अभियंता पुण्याला टेल्कोत काम करत होता. १९७८ मध्ये तो मध्य प्रदेशात होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेला, आणि तिथे त्याला सायकलच्या दुकानात मिळणाऱ्या व्हॉल्व्ह ट्यूबचा शोध लागला. आगपेटीच्या काड्या, त्यांचं गूल खरवडलेलं, आणि जोडायला या ट्यूबचे बोटाच्या पेराएवढे तुकडे. तीन काड्यांचा त्रिकोण करा. दाबा, ओढा, तो हलत नाही. चार काड्यांचा चौकोन करा; तो लगेच कलंडतो. त्याला कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरपी एक काडी दिली की पुन्हा ताठ. पाच मिनिटांच्या या उद्योगातून रेल्वेच्या पुलाच्या कैच्या तिरप्या का असतात हे कळतं, आणि ज्याला ते कळून घ्यायचं नसेल त्याच्याकडे निदान एक त्रिकोण तरी राहतो. गुप्तांनी पुढे पुण्याच्या आयुकातल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात असंख्य खेळणी केली. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मला त्यांची सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे त्यांचं खेळणं मोडलं तर कोणाला वाईट वाटत नाही. काडी मोडली, दुसरी घ्या.

छंदातल्या कामाची हीच खरी कसोटी आहे असं मी मानते: बिघडलं तर हळहळ वाटू नये आणि झालं तर कोणालाही देऊन टाकता यावं. दहा फुटांची गोधडी सुंदरच असते, पण तिच्यात अख्खा पावसाळा जातो आणि मध्येच कापड विटलं की ती ट्रंकेत जाते. आमच्या पिढीतल्या घरोघरच्या ट्रंका उघडल्या तर अर्ध्या बाहीचे स्वेटर, दोन मोर झालेली आणि तिसऱ्या मोरावर अडलेली दोसुतीची चादर, सुईसकट गुंडाळलेली क्रोशाची पट्टी हे सगळं निघेल. ते वाया गेलेलं सूत नाही फक्त. दर वेळी ट्रंक उघडली की ते आपल्याकडे बघतं, आणि मग आपण ट्रंक उघडायचं टाळतो. विसावा देण्यासाठी घेतलेलं काम असं मानगुटीवर बसतं ते आकारामुळे. म्हणून या पुस्तकात मी सुपाचं माप ठेवलं आहे. साहित्य आणि हत्यारं मिळून एका सुपात मावली पाहिजेत, पाहुणा आला तर सूप उचलून बाजूला ठेवता आलं पाहिजे, आणि दोन दुपारींत वस्तू पुरी झाली पाहिजे. बिडीवालीकडूनच हे माप मी उसनं घेतलं. सुपाच्या सोयीपुरतं तिचं अनुकरण आपल्याला परवडतं.

विणकाम-भरतकामाचा विषय निघालाच आहे तर थोडं त्याबद्दल. मराठी घरांत सुया आणि नमुने पोचवण्यात मासिकांचा हात मोठा. १९३० साली किर्लोस्करांनी 'स्त्री' मासिक काढलं. पुढे बायकांच्या मासिकांत आणि दिवाळी अंकांत कथा-कवितांच्या शेजारी टाके आणि नमुने येत राहिले. कोणी कथेसाठी अंक घ्यायचं, कोणी नमुन्यासाठी, आणि शेवटी दोन्ही वाचलं जायचं. मग एक काळ असा आला की घरातली कोणतीही वस्तू उघडी ठेवायची नाही असं बायकांनी ठरवलं. टीव्हीला क्रोशाचं झाकण, टेलिफोनला झाकण, फ्रिजच्या मुठीला झाकण, पाण्याच्या तांब्याला मणी लावलेलं झाकण. त्याची थट्टा पुष्कळ झाली, मीही केली आहे. पण त्या झाकणांचा आकार बघा. सगळी कामं हातभर लांबीच्या आतली. स्वयंपाक आणि शाळा सुटण्याच्या मधल्या वेळात बसणारी. प्लास्टिकच्या वायरच्या पिशव्यांचंही तेच. दोन रंगांच्या वायरी, एका आठवड्याच्या दुपारी, आणि बाजारात न्यायला पिशवी. त्या बायकांना कोणी छंदाचं शास्त्र शिकवलं नव्हतं, मात्र किती हाती घ्यावं हे त्यांना बरोबर कळत होतं.

शास्त्रही आता थोडंफार बोलू लागलं आहे. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठात गिरिजा कैमल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. ३९ प्रौढांना ४५ मिनिटं माती, रंगीत पेनं आणि चिकटकामाचं साहित्य दिलं, जे वाटेल ते करा म्हणून. आधी आणि नंतर त्यांची लाळ तपासली. ताणाच्या वेळी शरीरात वाढणारं कॉर्टिसॉल सुमारे ७५ टक्के लोकांमध्ये कमी झालेलं आढळलं, आणि ज्यांनी पूर्वी कधी अशी कामं केली होती त्यांच्यात आणि नवख्यांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. ३९ ही संख्या लहान आहे, एवढ्यावरून 'क्रोशा करा, रक्तदाब घालवा' अशा जाहिराती कोणी करू नयेत. मला त्यातलं दुसरंच टोक जास्त खरं वाटतं: उरलेल्या पाव भागात कॉर्टिसॉल वाढलं होतं. असे लोक आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. त्यांच्या हातात माती दिली की तिचं काहीतरी चांगलंच झालं पाहिजे असं त्यांना वाटू लागतं, आणि कपाळावर आठ्या येतात. अशांना सुरुवातीला कागदच द्यावा. कागदाची घडी चुकली तर उलगडून पुन्हा घालता येते.

कागदाच्या घड्यांबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. जपानचे अकिरा योशिझावा (१९११ ते २००५) तरुणपणी कारखान्यात कामाला होते, आणि नव्या कामगारांना भूमिती समजावताना ते कागदाच्या घड्यांचा आधार घ्यायचे. पुढे त्यांनी घड्या लिहून काढण्याची खुणांची पद्धत घातली: तुटक रेषा म्हणजे एका बाजूची घडी, टिंब आणि रेघ म्हणजे दुसऱ्या बाजूची, आणि बाणांनी दिशा. आज जगभर हीच पद्धत चालते. त्यामुळे जपानीचं एक अक्षर न येणारं आमगावचं किंवा देवरीचं पोरही जपानी पुस्तकातून बेडूक घडवू शकतं. माझ्या पुस्तकातल्या आकृत्याही त्याच खुणांत आहेत.

आता एका नाजूक मुद्द्यावर येते. तुम्ही एखादी वस्तू बरी केलीत की घरातलं नाहीतर शेजारचं कोणीतरी म्हणणारच, 'छान झालंय, विकत का नाहीस?' म्हणणाऱ्याचा हेतू चांगला असतो, आपल्याकडे ती दाद देण्याची रीत आहे. बचत गटांच्या बायका बांबूच्या आणि लाखेच्या वस्तू, राख्या, आकाशकंदील करून विकतात आणि त्यातून घराला हातभार लागतो. त्याबद्दल मला आदरच आहे, आणि ज्यांना विकायचं आहे त्यांनी जरूर विकावं. फक्त एवढं लक्षात ठेवावं की पहिली मागणी आली, पन्नास नग सारखे हवेत म्हणून सांगितलं गेलं, की त्या क्षणी सुपात आकडा येऊन बसतो. मग तो छंद राहत नाही, धंदा होतो. धंद्यात कमीपणा काही नाही, पण थकलेल्या संध्याकाळी बसायला मग दुसरं काहीतरी शोधावं लागतं. मी अशा बायका ओळखते ज्यांनी राख्यांचं काम सुरू केलं आणि विसाव्यासाठी रांगोळीकडे वळल्या. रांगोळी विकता येत नाही, सकाळी झाडूने जाते. फार शहाण्या बायका.

फोनवरच्या व्हिडिओंचंही तसंच. शिकायला ते उत्तम. विणकामाचा जो टाका पुस्तकात चार आकृत्यांतही कळत नाही तो तिथे अर्ध्या मिनिटात कळतो. अडचण अशी की एक बघून झालं की खाली दुसरं येतं, आणि तास जातो तो दुसऱ्याचे हात बघण्यात. शिवाय त्या हातांकडे असलेलं सगळं साहित्य आपल्याकडे हवं असं वाटू लागतं. रेझिन, साचे, बारा रंगांचे धागे, खास कात्र्या. पार्सल येतं, डबे भरतात, काम सुरू होत नाही. साहित्य जमवणं हाही एक छंद आहे म्हणा, पण तो महाग आहे.

आपल्या जिल्ह्यात साहित्याची ददात नाही. पळस आहे, फुलं गेली की नवी पानं येतात, पावसाळ्यात ती हाताएवढी आणि चामड्यासारखी चिवट होतात. एकावर एक ठेवून काडीने टाचली की पत्रावळ, दुमडून टाचली की द्रोण. पान वाळलं की दुमडताना तडकतं, म्हणून आधी पाणी शिंपडून ओल्या कापडात ठेवायचं, आणि झालेली पत्रावळ दगडाखाली दाबून वाळवायची. लग्नघरी कधीकाळी हे काम सगळी आळी मिळून करायची. आता लग्नात यंत्रावर दाबलेली कागदी ताटं येतात, पण चार माणसांच्या जेवणापुरत्या पत्रावळी लावून बघायला कोणाची हरकत आहे? धान निघालं की तणस आहे. भिजवलेलं तणस वेणीसारखं वळून त्याचं पाटावरचं आसन होतं, गरम भांड्याखालचं कडं होतं. शेजारच्या छत्तीसगडात पिकलेल्या लोंब्या गुंफून त्यांची झालर दारावर टांगतात, पाखरांनी येऊन दाणे टिपावेत म्हणून. आमच्या सालेकसा-देवरीकडून ती सरहद्द हाकेच्या अंतरावर आहे, तेव्हा झालरीचं प्रकरण पुस्तकात घ्यायला मी संकोच केला नाही. लोंब्या मात्र पूर्ण पिकण्याच्या थोड्या आधी कापायच्या, नाहीतर गुंफतानाच दाणे गळतात.

बांबूबद्दल मी हात आखडता घेतला आहे. बांबू भारतीय वन कायद्यात पूर्वी 'झाड' म्हणून धरला जायचा. २०१७ साली ती व्याख्या बदलली आणि जंगलाबाहेर लावलेला बांबू तोडायला-न्यायला मोकळीक झाली. साहित्य मिळणं त्यामुळे सोपं झालं. पण बुरुडाच्या हातची सफाई दोन दुपारींत येत नाही, आणि येते असं भासवणं हा त्याच्या पिढीजात कामाचा अपमान होईल. टोपली, सूप, डाली या वस्तू त्याच्याकडूनच घ्याव्यात, किंमत न पाडता. पुस्तकातलं सूपही बुरुडाकडून आणलेलंच असावं अशी माझी अपेक्षा आहे. कमट्यांची एक साधी दिव्याची चौकट तेवढी मी दिली आहे. कमटीची साल ब्लेडसारखी कापते, म्हणून ती तासून आणि भिजवून घ्यायची, आणि मुलांना तासलेल्याच कमट्या द्यायच्या.

प्रकरणांचा क्रम महिन्यांप्रमाणे लावला आहे, पण तो पाळलाच पाहिजे असं नाही. बिडी वळणाऱ्या बायकांनी हे पुस्तक वाचावं असं सांगण्याची माझी हिंमत नाही; त्यांच्या घरच्या शाळकरी मुलींनी वाचलं तर मला आनंद होईल. पुस्तकात सुरुवातीलाच मातीचा बैल आहे, कारण लाकडाचा बैल सगळ्यांच्या माळ्यावर नसतो. त्याला बांधीतली काळी कन्हार माती घ्यायची. नुसती घेतली तर वाळताना भेगा पडतात, म्हणून तिच्यात बारीक चिरलेलं तणस किंवा थोडा कापूस मळायचा. पाय जाड करायचे, शिंगं शेवटी लावायची, आणि सांधा पाण्याने ओला करून मगच जोडायचा. उन्हात ठेवायचा नाही. सावलीत, सुपावर, रोज एकदा कूस बदलून. श्रावणाच्या शेवटी पाऊस लागून राहिला तर सावलीतला बैल वाळायला आठवडाही घेतो. तेव्हा माती पोळ्याच्या दहा दिवस आधी आणून ठेवा.